ती ‘पार्टनर’ म्हणाली, तर तुम्हीही ‘पार्टनर’च म्हणा

नमस्कार मंडळी! गेल्या व्हिडिओखाली एकच प्रश्न पुन्हा पुन्हा आलाय: “ताई, ‘माझे मिस्टर’ इंग्रजीत कसं म्हणायचं?” आधी तेच उरकते. ‘माय मिस्टर’ म्हणायचं नाही. मराठीत मिस्टर छान रुळलेत, तिथे खुशाल म्हणा. इंग्रजीत नवरा म्हणजे हजबंड, बायको म्हणजे वाइफ. साखरपुडा झालेला असेल तर फियॉन्से. उच्चार दोघांचा एकच, फक्त लिहिताना मुलीसाठी शेवटी एक ‘ई’ जास्त. बॉयफ्रेंड, गर्लफ्रेंड तुम्हाला ठाऊकच आहेत. ‘लव्हर’ मात्र टाळा. आपल्याला तो प्रियकर-प्रेयसीसारखा गोड वाटतो, पण इंग्रजी कानाला त्यात शरीरसंबंध आधी ऐकू येतो.

हजबंडवरून एक सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. हा शब्द जुन्या नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियातल्या जुन्या भाषेतून आलाय, मूळ अर्थ घराचा मालक. म्हणजे आपला ‘घरधनी’च की! आणि वाइफ म्हणजे मुळात नुसती बाई. मिडवाइफ, म्हणजे सुईण, या शब्दात तो अर्थ अजून टिकून आहे. आपल्या ‘बायका’ शब्दातही दोन्ही अर्थ नांदतातच ना?

बरं, आता पार्टनर. आजचा व्हिडिओ खरं तर याच शब्दासाठी आहे.

इंग्लंडमधला माझा पहिला हिवाळा. ऑफिसच्या किचनमध्ये एक सहकारी चहाचा मग धूत होती. म्हणाली, “माय पार्टनरला बरं नाहीये.” मी विचारलं, “मग धंदा कोण बघतंय?” ती नुसती बघत राहिली. माझ्या लक्षात आलं आणि सावरायला म्हणून मी म्हणाले, “ओह, युअर हजबंड!” तिने नळ बंद केला. हळूच म्हणाली, “माझी पार्टनर बाई आहे. कालपासून हॉस्पिटलमध्ये आहे.” घरचं माणूस आजारी, आणि वर माझी चूक दुरुस्त करायचं कामही तिच्याच गळ्यात. ते मला आजही बोचतं.

म्हणून सांगते, समोरचा पार्टनर म्हणाला की आपणही पार्टनरच म्हणायचं. मनातल्या मनात त्याचा नवरा किंवा बायको करायची नाही.

यावर एकाची कमेंट होती, “पार्टनर म्हणजे लग्न न झालेले, सरळ आहे.” नाही हो, सरळ नाहीये! लग्नाला तीस वर्षं झालेली माणसंही पार्टनर म्हणतात. ब्रिटनमध्ये समलिंगी जोडप्यांना डिसेंबर २००५ पासून सिव्हिल पार्टनरशिप, म्हणजे लग्न न करता नात्याची कायदेशीर नोंद, करता येऊ लागली. लग्न करता येऊ लागलं ते इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१४ साली. मधली इतकी वर्षं कायद्याने दिलेला शब्दच पार्टनर होता. आणि २०१९ च्या शेवटच्या दिवसापासून तिथे स्त्री-पुरुष जोडप्यांनाही सिव्हिल पार्टनरशिप खुली झाली. मग नुसत्या शब्दावरून तुम्ही काय ओळखणार?

अमेरिकेच्या जनगणनावाल्यांनाही हा पेच पडला होता. लग्नाशिवाय एकत्र राहणाऱ्या स्त्री-पुरुषांना कागदावर काय म्हणायचं? त्यांनी शब्द काढला ‘पॉसलक्यू’: पर्सन ऑफ ऑपोझिट सेक्स शेअरिंग लिव्हिंग क्वार्टर्स. मला सांगा, आईवडिलांशी ओळख करून देताना हे कोण म्हणेल?

आता उलट बाजूने बघा. प्रश्न तुम्हाला विचारायचाय, नातं माहीत नाही. मग “इज युअर पार्टनर कमिंग टू?” असं विचारा. उत्तरात तो ‘वाइफ’ म्हणाला, तर पुढच्या वाक्यापासून तुम्हीही वाइफ म्हणा. तिथे पार्टनर, पार्टनर करत बसू नका. त्याने दिलेला शब्द त्यालाच परत द्यायचा.

आणि दुकानातल्या भागीदाराबद्दल बोलत असाल, तर ‘बिझनेस पार्टनर’ असं पूर्ण म्हणा. एका प्रेक्षकाने लिहिलंय की परदेशी ग्राहकाला तो “माय पार्टनर अँड आय” म्हणाला, आणि ग्राहकाने दोघांना संसाराच्या शुभेच्छा दिल्या. दादा, ग्राहकाचं काहीच चुकलं नाही. त्याने तुमचाच शब्द नीट ऐकला.

पुढच्या वेळी सासरची नाती घेऊया. दीर, मेहुणा, साडू, नणंदेचा नवरा, या सगळ्यांना इंग्रजीत एकटा ‘ब्रदर-इन-लॉ’ कसा पुरतो, ते बघू. तुमच्या घरात या नात्यांना काय हाक मारतात, तेवढं खाली लिहून ठेवा.