अपग्रेडच्या आधी डोंगल तपासा

मंडळी, इथे बसलेल्या बहुतेकांचा डीटीपीचा, म्हणजे कम्प्युटरवर छपाईची पानं तयार करायचा धंदा आहे, म्हणून मी तुमच्या टेबलापासूनच सुरुवात करतो. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट संपला. आता विंडोज ११वर जायचं का, असं सगळे विचारतात. माझं मत विचाराल तर जायला हवं. फक्त तपासून जा.

दोन वर्षांपूर्वी, ऐन लग्नसराईत, एका प्रेसमधलं मशीन मी अपग्रेड करून दिलं. मशीन विंडोज ११ला चालेल का ते सांगणाऱ्या पीसी हेल्थ चेक या प्रोग्राममध्ये सगळ्या खुणा हिरव्या होत्या. मशीन छान सुरू झालं. मालकांनी पत्रिकेची फाइल उघडायला घेतली, तर मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरचा निरोप आला: लॉक सापडत नाही. मी खाली वाकून पाहिलं. सीपीयूच्या मागे डोंगल, म्हणजे तेच लॉक, लावलेलं होतं, पण त्याचा दिवा लागलेला नव्हता. डोंगलचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला त्याची ओळख करून देणारा प्रोग्राम, जुना होता आणि नव्या विंडोजशी जुळत नव्हता. मालक काही बोलले नाहीत, नुसते ऑर्डरची वही उघडून बसले. अपग्रेडनंतर १० दिवस मागे जायची सोय असते, म्हणून त्याच रात्री जुनं विंडोज परत आणता आलं.

चूक माझी होती. हेल्थ चेक फक्त मशीन बघतं. तुमचं काम त्या मशीनवर कशाच्या जोरावर चालतं, हे त्याला कळत नाही.

म्हणून आधी कागद घ्या आणि दिवसभरात जे जे वापरता ते लिहून काढा: प्रिंटर, स्कॅनर, डोंगल, टेंडर भरायला लागणारं डिजिटल सहीचं टोकन, टॅलीची आवृत्ती. मग एकेकासाठी कंपनीच्या साइटवर विंडोज ११चा ६४ बिट ड्रायव्हर आहे का ते बघा. ६४ बिट मुद्दाम म्हणतो. विंडोज ११ ३२ बिटमध्ये येतच नाही. तुमचं विंडोज १० ३२ बिटचं असेल, तर त्यावरून थेट अपग्रेड होत नाही, नव्यानं इन्स्टॉल करावं लागतं. शिवाय त्यावर एखादा १६ बिटचा जुना प्रोग्राम चालत असेल, तर तो नव्या विंडोजवर सुरूच होणार नाही.

फॉन्टची भीती मात्र बाळगू नका. जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टची टीटीएफ फाइल तिकडेही चालते. अडतं ते टायपिंगचं सॉफ्टवेअर आणि त्याचं लॉक.

आता मशीनकडे. ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा ही किमान अट आहे. ४ जीबीवर डीटीपी करू नका. इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा हवा. आय५-७४०० असेल तर ती सातवी पिढी, आय५-८४०० असेल तर आठवी. टीपीएम २.० ही सुरक्षेची सोयही लागते. ती 'नाही' असं दिसलं म्हणून लगेच मशीन भंगारात काढू नका. बऱ्याच मदरबोर्डवर ते असतं, पण बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, बंद ठेवलेलं असतं. इंटेलवर पीटीटी आणि एएमडीवर एफटीपीएम या नावानं शोधा.

एक धोका मात्र आहे. हार्ड डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीची असताना बायोसमध्ये मशीन सुरू करायची लेगसी ही जुनी पद्धत बंद करून यूईएफआय ही नवी चालू केली, तर विंडोज सुरूच होत नाही. आधी बॅकअप, मग डिस्क नव्या जीपीटी पद्धतीची करणं, मग बायोस, हा क्रम पाळा.

अटी चुकवून विंडोज ११ टाकायच्या युक्त्या तुम्ही पाहिल्या असतील. कामाच्या मशीनवर त्या करू नका. कोअर टू ड्युओ या जुन्या प्रोसेसरवर असं टाकलेलं विंडोज ११ २४एच२ या आवृत्तीपर्यंत पोचूच शकत नाही, कारण त्या आवृत्तीला लागणाऱ्या सूचना त्या प्रोसेसरमध्ये नाहीत.

मी आता वेगळ्या एसएसडीवर जुन्या डिस्कची कॉपी करतो आणि त्या कॉपीवर अपग्रेड करून बघतो. मूळ डिस्क काढून मालकांच्या कपाटात. मग त्यांनाच खुर्चीत बसवतो: मागच्या वर्षीची पत्रिका उघडा, दोन ओळी टाइप करा, प्रिंट काढा.

त्या प्रेसमध्ये आज नवं मशीन आहे. जुनं कोपऱ्यात आहे, डोंगलसकट, नेटची वायर काढलेली. जुन्या गिऱ्हाइकाची पत्रिका निघाली की मालक त्याच्यापुढे बसतात.