नेपथ्यात स्वतःचं किती आणावं?

श्रोतेहो, नमस्कार. गोव्यात देवळाच्या उत्सवातलं मराठी नाटक पाहिलं नाही असा माणूस विरळा. राजवाडा, रस्ता, अरण्य असे रंगवलेले पडदे वरखाली व्हायचे आणि मंडपात बसल्याबसल्या मुलूख बदलायचा. नेपथ्याची माझी पहिली ओळख तीच. पण पडदा फक्त जागा दाखवतो. त्या जागेत कोण, कसं राहिलं हे कळायला संहिता पुन्हा पुन्हा वाचावी लागते.

महेश एलकुंचवारांचं ‘वाडा चिरेबंदी’ घ्या. १९८५ साली रंगमंचावर आलेलं हे नाटक विदर्भातल्या देशपांडे कुटुंबाचं. वाडा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे राजांगण, तुळशीवृंदावन, पावसाळ्यात शेवाळलेला जांभ्या दगडाचा चिरा उभा राहतो. हे सगळं उचलून मांडायचा मोह होतो. तो आवरायचा. तिथे कोरडा मुलूख आहे आणि दारात गंजत पडलेला ट्रॅक्टर आहे.

मग आपल्या घरातलं घ्यायचं काय? मी खांब घेते. आजोळच्या वसरीतला, म्हणजे ओसरीतला, लाकडी खांब एका जागी काळा, गुळगुळीत झाला होता. येताजाता प्रत्येकाचा हात तिथेच टेकायचा. ही झीज विदर्भातल्या वाड्यातही तितकीच खरी. म्हणून तालमीत नट कुठे टेकतात ते पाहावं आणि खांब तिथेच झिजलेला रंगवावा. जिथे कोणाचा हात पोचत नाही, तिथे धूळ.

नाटक गोव्यातलंच असेल तर चिरा हवाच. प्लायवूडवर डिंकात कालवलेला लाकडाचा भुसा थापायचा, वर गेरूचा हात, खड्ड्यांत काळपट रंग. उजेड समोरून सोडला की ही मेहनत सपाट होते. बाजूने तिरपा सोडला की खड्डा न खड्डा दिसतो. त्यामुळे नकाशा काढतानाच प्रकाशयोजना करणाऱ्याला शेजारी बसवावं, हे माझं ठाम मत आहे.

शिवाय प्रयोग एकाच जागी होत नाही. पणजीची कला अकादमी, मडगावचं रवींद्र भवन, फोंड्याचं राजीव गांधी कला मंदिर, मग एखाद्या देवळाचा मंडप. प्रत्येक ठिकाणी रुंदी वेगळी, विंगांची जागा वेगळी. सगळं सुटं होऊन टेम्पोत बसलं पाहिजे. आणि जागा अपुरी पडली, तर भिंती कमी कराव्यात. खांब आणि ट्रॅक्टर मात्र हलवू नयेत.