पायांनी वाजणारा पियानो

समोरून पाहिले तर हा साधा उभा पियानो वाटतो. पट्ट्यांच्या वरची दारे सरकवली की मात्र पितळेची एक आडवी पट्टी आणि तिच्यातील बारीक छिद्रांची रांग दिसते. खालच्या फळीमागून दोन रुंद पेडले बाहेर येतात. अशा वाद्यांना लोक सर्रास ‘पियानोला’ म्हणतात. वास्तविक ते एओलियन कंपनीने विकलेल्या, एडविन व्होटी यांनी १८९५ मध्ये डेट्रॉइटला तयार केलेल्या यंत्राचे व्यापारी नाव होते, आणि ते यंत्र पियानोच्या आत नव्हे, पुढ्यात ठेवावे लागे.

ओळख पटवताना झाकणावरच्या सोनेरी नावावर थांबून चालत नाही, कारण पियानो एका कंपनीचा आणि आतले यंत्र दुसरीचे, असे त्या काळी अमेरिकेत नेहमीच होई. लोखंडी चौकटीवरच्या अनुक्रमांकावरून पियानोचे साल काढता येते. रोलचा, म्हणजे भोकांनी सूर नोंदलेल्या कागदाच्या गुंडाळीचा, प्रकार छिद्रांवरून कळतो. जुने रोल ६५ स्वरांचे, इंचाला ६ छिद्रांचे. १९०८ मध्ये बफेलो येथे उत्पादकांनी ८८ स्वर आणि इंचाला ९ छिद्रे हे प्रमाण ठरवले. कागदाची रुंदी दोन्हींची सव्वाअकरा इंचच असल्यामुळे पट्टीवर मोजपट्टी ठेवावीच लागते.

आपल्या पेटीचा भाता हवा आत ढकलतो. येथील भाते ती ओढून घेतात. कागदातले भोक पट्टीवरच्या छिद्रावर आले की बाहेरची हवा नळीतून शिरते, चामड्याची पातळ चकती फुगून झडप उचलते, आणि त्या स्वराचा बोटाएवढा भाता क्षणात मिटून हातोडीला तारेकडे ढकलतो.

या भात्यांवरचे रबरी कापड आता बिस्किटासारखे तुटते. ते खरवडून नवे कापड चढवायचे, प्रत्येक स्वरासाठी एकदा, आणि तेही गरम सरसानेच. सरस उष्णतेने व ओलाव्याने सुटतो, म्हणून पुढचा कारागीर हाच भाता पुन्हा उघडू शकेल. मागे कुणीतरी सोयीसाठी पांढरा गोंद वापरला, तेथे सांधा सुटण्याऐवजी लाकडाचीच ढलपी निघाली आहे. रेडिओ आणि १९२९ ची मंदी यांनी हा धंदा बसवला, आणि पुढे कित्येक पियानोंतून यंत्रे उपटून फेकली गेली.

चाचणीचा रोल एकेक स्वर वाजवतो. मधल्या सप्तकातील एक स्वर सुटत नाही. चकतीमागची हवा निघून जाण्याचे सुईएवढे भोक धुळीने बुजले आहे. ते मोकळे झाल्यावर पहिला खरा रोल लागतो. कारागीर पेडलावरचा जोर कमी करतो. आवाज हलका होतो, लय मात्र ढळत नाही : कागद फिरवणाऱ्या हवेच्या मोटारीचा नियामक काम करू लागला आहे.