अण्णांची अठ्ठावन्ननंतरची वर्षं

[दृश्य: कचेरीतला निरोप समारंभ. शाल, श्रीफळ, हार.]

महाराष्ट्र सरकारच्या बहुतेक कर्मचाऱ्यांना अठ्ठावन्नाव्या वर्षी निरोप दिला जातो. भाषणं होतात, डोळे पाणावतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता घड्याळाकडे पाहत माणूस विचार करतो, आता करायचं काय?

धोंडो केशव कर्वे, म्हणजे अण्णा, 1916 साली अठ्ठावन्न वर्षांचे होते. फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी 1891 ते 1914 गणित शिकवलं. विधवांसाठी काढलेली संस्था वीस वर्षांची झाली होती. समाजाचा बहिष्कार सोसून झाला होता, आत्मचरित्रही लिहून झालं होतं. एवढ्यावर ते स्वस्थ बसले असते, तरी महाराष्ट्राने त्यांचं नाव घेतलंच असतं.

त्या वर्षी त्यांनी विद्यापीठ काढलं.

[दृश्य: कर्वेनगर, महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेच्या आवारात जतन केलेली झोपडी.]

अण्णांचं हिंगण्यातलं, म्हणजे आजच्या कर्वेनगरातलं, काम सुरू झालं ते या झोपडीतून. तेव्हा हिंगणे म्हणजे पुण्याबाहेरचा माळ. दिवसभर कॉलेजात शिकवायचं आणि तास संपले की काही मैल चालत इथे यायचं. नीट रस्ता नव्हता. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल, तो तुडवत यायचं आणि सकाळी परत कॉलेज. अण्णांच्या उत्तरायुष्याचं नवल वाटतं, तेव्हा मला ही पायपीट आठवते. त्यांचं म्हातारपण घडलं ते चाळिशीतल्या या चालण्यातून.

विद्यापीठाचं बीज पडलं एका पुस्तिकेमुळे. बनारसच्या बाबू शिवप्रसाद गुप्तांनी जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहिती पाठवली होती. अण्णांनी ती चाळून बाजूला ठेवून दिली. पुढे 1915 साली मुंबईच्या सामाजिक परिषदेचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं. भाषणाची तयारी करताना ती पुस्तिका पुन्हा हाती आली, आणि मुलींसाठी वेगळं विद्यापीठ, तेही मातृभाषेतून शिकवणारं, ही कल्पना त्यांनी परिषदेतच मांडली. पुढच्या वर्षी कॉलेज सुरू झालं, तेव्हा विद्यार्थिनी होत्या पाच. 1920 साली सर विठ्ठलदास ठाकरसींनी 15 लाखांची देणगी दिली. त्यांच्या मातोश्रींचं, नाथीबाईंचं नाव विद्यापीठाला मिळालं. आज आपण ज्याला एसएनडीटी म्हणतो, ते हेच.

पण मला या माणसाची खरी ओढ लागते ती यापुढच्या काळात.

[दृश्य: बोटीचं जुनं छायाचित्र. नकाशावर मुंबई ते युरोप, मग आफ्रिका.]

1929 साली, सत्तरी ओलांडल्यावर, अण्णा जगाच्या प्रवासाला निघाले. जिनिव्हाच्या शिक्षण परिषदेत ते भारतातल्या स्त्रियांच्या उच्च शिक्षणावर बोलले. परत येऊन वर्षही झालं नाही, तोच आफ्रिकेला गेले. मोम्बासाला त्यांचा मुलगा शंकर डॉक्टर होता. तिथून जागोजागी फिरून त्यांनी विद्यापीठासाठी वर्गणी जमवली. 1932 साली परतले. त्याच वर्षी मुलगा दिनकर आणि सून इरावती यांच्या घरी जाई जन्मली.

1936 साली नातू आनंद जन्मला. आजोबांचं वय अठ्ठ्याहत्तर. त्या वर्षी अण्णांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढलं, का, तर ज्या खेड्यांत लोकल बोर्डाची शाळा नाही, तिथे शाळा निघावी म्हणून. विद्यापीठ उभारलेला माणूस खेड्यातल्या मुळाक्षरांपाशी आला! लहानपणी मुरुडच्या देवळात गावकऱ्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवणारा मुलगा त्यांच्यात तसाच जागा होता, असं मला वाटतं.

1942 साली गौरी जन्मली. ती दोन वर्षांची असताना, 1944 मध्ये, शहाऐंशी वर्षांच्या आजोबांनी समता संघ काढला. माणसामाणसांतली उच्चनीचता जावी, एवढा एकच ध्यास.

हिंगणे, विद्यापीठ, ग्रामशिक्षण, समता संघ. अण्णांनी जुनी संस्था दर वेळी नव्या हातांत दिली आणि स्वतः पुन्हा थोड्याशा पैशांनिशी, मोजक्या माणसांनिशी पहिल्या पायरीवर जाऊन उभे राहिले. आयुष्यभर उभं केलेलं काम दुसऱ्याच्या स्वाधीन करणं सोपं नसतं. किल्ल्या कमरेला लावूनच बसायची आपली रीत. अण्णांना ती सोडता आली, आणि म्हणून त्यांच्या हातांत नव्या कामाला जागा राहिली.

याची किंमत घराने मोजली, हे सांगितलंच पाहिजे. पाच हजारांची विम्याची पॉलिसीसुद्धा अण्णांनी विधवांच्या आश्रमाला देऊन टाकली. संसार ओढला तो बायांनी, म्हणजे अण्णांच्या पत्नी आनंदीबाईंनी. त्या पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी. पुनर्विवाहानंतर सुईणीचं शिक्षण घेऊन त्यांनी घराला हातभार लावला. पुढे त्याही आश्रमासाठी दारोदार वर्गणी मागत फिरल्या. 1950 साली त्या गेल्या. अण्णांच्या नव्वदीचं कौतुक करताना या बाईंचे कष्ट विसरता येत नाहीत.

[दृश्य: टपाल तिकीट. 1858–1958.]

शंभरी भरली त्या वर्षी अण्णांना भारतरत्न मिळालं आणि त्यांच्या चित्राचं टपाल तिकीट निघालं. हयात असताना टपाल तिकिटावर आलेले ते पहिले भारतीय. 9 नोव्हेंबर 1962 रोजी, वयाच्या एकशेचाराव्या वर्षी, ते गेले.

नातवंडांनी आपापली वाट धरली. जाई निंबकर आणि गौरी देशपांडे लेखिका झाल्या. आनंद कर्वे वनस्पतिशास्त्राकडे वळले. 1996 साली त्यांनी पुण्यात ग्रामीण तंत्रज्ञानाची 'आरती' ही संस्था उभी केली. शेतात जाळून टाकलं जाणारं उसाचं पाचट घेऊन त्याचा कोळसा करायचा, स्वयंपाकघरातल्या खरकट्यापासून गॅस मिळवायचा, अशा कामांसाठी पुढे ही संस्था देशाबाहेरही ओळखली गेली.

संस्था सुरू केली, तेव्हा आनंदरावांना साठावं वर्ष लागलं होतं.