चप्पल निसटली, तेव्हा कळलं का?

मंडळी, तुम्ही सगळे बाहेर चपला काढून आत आलात. अंगठ्यातून पट्टा सुटल्याचं तुम्हाला कळलं, तळव्याला फरशी गार लागली, आणि त्याकडे कोणी लक्षही दिलं नाही. पत्रिकेवर विषय मोठा छापलाय, ‘मज्जारज्जूचे दुर्मीळ आजार: जनजागृती आणि संशोधन’. पण मला बोलायचंय ते त्या एवढ्याशा कळण्याबद्दल.

इथे बरेच जण मला ओळखतात. एसटीच्या विभागीय कार्यशाळेत २८ वर्षं मी गाड्यांची वायरिंग केली. मी डॉक्टर नाही. माझी मुलगी तिसऱ्या रांगेत कडेला बसलीय. जे सांगणार आहे ते तिच्या परवानगीने. घरी दोनदा तिच्यासमोर म्हणून दाखवलंय, आणि तिने दोन ठिकाणी मला दुरुस्त केलंय.

सुरुवात उचकीपासून झाली. ती चोवीस वर्षांची होती, पुण्यात नोकरीला. शनिवारी घरी आली ती उचक्या देतच. माझी आई म्हणाली, “कोणीतरी आठवण काढतंय गं.” आम्ही एकेकाची नावं घेतली, मामाचं, मावशीचं, मैत्रिणींचं. उचकी थांबेना. सहा दिवस थांबली नाही. जेवली की उलटी, पाणी प्यायली की उलटी. पित्त म्हणून औषधं झाली, पोटात दुर्बीण घालून झाली, काही सापडलं नाही आणि एके दिवशी आपोआप थांबलं. आम्ही देवापुढे नारळ फोडला.

पाच-सहा महिन्यांनी डावा डोळा दुखायला लागला. बुबुळ फिरवलं की दुखायचं. आईच्या कपाळाकडे बघून म्हणाली, “आई, तुझं कुंकू विटकं का दिसतंय?” उजव्या डोळ्याने बघितलं तर लालभडक, डाव्याने बघितलं तर विटेसारखं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, महिन्याभरात दिसायला लागलं. उचकीचं त्यांना कोणी सांगितलं नाही. सांगायचं कशाला? पोटाचं पोटाच्या डॉक्टरला, डोळ्याचं डोळ्याच्या.

आणि मग दिवाळी. भाऊबीजेच्या आदल्या दिवशी ती बाजारातून आली. हिने दारातच विचारलं, “अगं, एक चप्पल कुठाय?” मुलीने खाली बघितलं. डाव्या पायात चप्पल नव्हती. मागे जाऊन बघितलं तर कोपऱ्यावरच्या नळापाशी पडलेली. तिथून घरापर्यंत खडीचा रस्ता आहे. तेवढं अंतर ती एका पायाने अनवाणी चालत आली होती आणि तिला पत्ता नव्हता. तळव्यात खडा रुतून रक्त आलं होतं. आम्ही हसलो. हो, हसलो आम्ही. “लक्ष कुठाय तुझं, मोबाइलमध्ये?” असं मीच म्हणालो.

दुसऱ्या दिवशी छातीखाली कोणीतरी करकचून पट्टा आवळल्यासारखं व्हायला लागलं. अंघोळीचं पाणी पायांना गरम की गार ते कळेना. रात्रीपर्यंत लघवी तुंबली.

आता माझी तक्रार. दवाखान्याचं नाव घेणार नाही, नावाने काही साधत नाही. पायात बळ नाही म्हणून कमरेचा एमआरआय काढला. रिपोर्ट स्वच्छ. आणि तो स्वच्छ रिपोर्टच आमचा घात करून गेला. सगळं नॉर्मल आहे म्हटल्यावर लघवीचा जंतुसंसर्ग झाला, गादी दबलीय झालं, शेवटी मला बाजूला घेऊन विचारलं, “लग्नाबिग्नाचं काही टेन्शन आहे का घरात?” एका ओळखीच्याने अंगारा आणून दिला, मी तोही लावला. त्या रात्री मला कोणी काहीही आणून दिलं असतं तर मी लावलं असतं. असे आठ दिवस गेले.

मंडळी, मी वायरमन माणूस. गाडीचा टेललाइट लागत नाही म्हणून कोणी बल्बपाशीच बसून राहतं का? बल्ब ठीक असेल तर वायर धरून मागे मागे जायचं, थेट फ्यूजपर्यंत. पाठीचा कणा म्हणजे हाडांची नळी, आणि तिच्या आतली केबल म्हणजे मज्जारज्जू. आपल्या करंगळीएवढी जाड, साधारण ४५ सेंटिमीटर लांब. मेंदूपासून निघते आणि कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपते. त्याच्या खाली नुसत्या शिरांचा झुपका. म्हणजे कमरेचा फोटो काढला तर त्यात केबलचं जेमतेम टोक येतं! बिघाड होता वर, छातीच्या मणक्यांच्या पातळीवर. पट्टा आवळल्यासारखं वाटत होतं ते तिथल्या बिघाडाचंच लक्षण. पोर बोटाने दाखवत होती, इथून खाली बधिर आहे म्हणून. बिघाडाची जागा ती स्वतः सांगत होती.

नवव्या दिवशी आम्ही मोठ्या शहरात मेंदूविकारतज्ज्ञांकडे नेलं. त्या बाईंनी फाइल उघडायच्या आधी विचारलं, “चप्पल निसटते का? आणि निसटली, तेव्हा कळलं का?” माझ्या बायकोला रडू फुटलं. तो प्रश्न किती खोल आहे बघा. चप्पल निसटते आणि कळतं, म्हणजे पायातलं बळ गेलंय. निसटते आणि कळतच नाही, म्हणजे संवेदना वर नेणारी वायर तुटलीय. एका चपलेवरून दोन वायरी वेगळ्या करता येतात, आणि त्याला एक रुपया लागत नाही. पुढचा प्रश्न होता, “कधी बरेच दिवस उचकी लागली होती का?”

पूर्ण मणक्याचा एमआरआय झाला. मज्जारज्जूला लांबलचक सूज होती, तीन मणक्यांच्या उंचीपेक्षा जास्त. शिरेतून स्टेरॉइड पाच दिवस, रोज एक ग्रॅम. पुरेसा फरक पडेना म्हणून रक्तातला द्रव बदलायचा, प्लाझ्मा एक्स्चेंज, तो पाच वेळा. रक्ताच्या खास तपासणीत नाव सापडलं: न्यूरोमायलायटिस ऑप्टिका, एनएमओ. उचकी, डोळा आणि चप्पल, तिन्ही एकाच आजाराची. मेंदूच्या तळाशी उलटी-उचकीचं केंद्र असतं, तिथे आधी सूज आली होती. मग डोळ्याच्या नसेला, मग मज्जारज्जूला.

आज ती कोपराच्या काठीने चालते. दिवसातून चार-पाच वेळा स्वतः नळी घालून लघवी काढते. हे मी मुद्दाम उघड्यावर बोलतोय. या खोलीत शंभर माणसं आहेत, त्यातल्या एखाद्याच्या घरी हे गुपचूप चाललेलं असेल, त्याने लाजू नये. नोकरी तिने सोडलेली नाही.

आता या आजाराची गोष्ट, कारण ती मला फार आवडते. फ्रान्समधल्या लिआँ शहरात यूजेन डेव्हिक नावाच्या डॉक्टरांनी १८९४ मध्ये डोळा आणि मज्जारज्जू एकत्र जाण्याचं हे दुखणं नीट मांडलं. पुढची शंभरेक वर्षं बहुतेकांनी याला मल्टिपल स्क्लेरोसिसचाच, म्हणजे मेंदू-मज्जारज्जूतल्या नसांचं आवरण खराब करणाऱ्या एमएसचाच, प्रकार मानलं. तिकडे अमेरिकेत पीटर अ‍ॅग्रे नावाचे शास्त्रज्ञ रक्तपेशींवर काम करत होते. पेशीच्या भिंतीतून पाणी आत-बाहेर कसं जातं, त्याची दारं त्यांना सापडली, अ‍ॅक्वापोरिन. २००३ साली त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. पुढच्याच वर्षी मेयो क्लिनिकच्या व्हॅन्डा लेनन आणि सहकाऱ्यांनी एनएमओच्या रुग्णांच्या रक्तात एक खास प्रतिपिंड दाखवलं, आणि २००५ मध्ये कळलं की ते याच दारांपैकी एकावर, अ‍ॅक्वापोरिन-४ वर, हल्ला करतं. शरीराचंच रक्षक दल मज्जारज्जूतल्या पाण्याच्या दारावर चालून जातं.

पाणी पेशीत कसं शिरतं, हा प्रश्न विचारणाऱ्या माणसाला कोणी म्हणालं असतं, “याचा उपयोग काय?” तर त्याने माझ्या मुलीचं नाव घेतलं नसतं. ती तेव्हा बालवाडीत होती. संशोधनाला पैसे मागताना मी हेच सांगतो.

आणि हा फरक नुसता पुस्तकी नाही. एमएसची काही औषधं एनएमओच्या रुग्णाला दिली तर आजार उलट भडकतो. नाव चुकलं तर औषधच इजा करतं. नाव बरोबर असेल तर? जपानमध्ये ३८ रुग्णांवर एक चाचणी झाली, २०२० मध्ये छापून आली. १९ जणांना रिटुक्सिमॅब नावाचं औषध, १९ जणांना नुसतं औषधासारखं दिसणारं. दुसऱ्या गटात सात जणांना पुन्हा झटका आला, पहिल्या गटात एकालाही नाही. ३८ माणसं! आजार दुर्मीळ असला की एवढीच माणसं मिळतात, पण नीट मोजली तर तेवढ्यांतूनही उत्तर निघतं. हे रिटुक्सिमॅब आपल्या देशात बनतं, माझ्या मुलीला सहा महिन्यांनी एकदा देतात.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. दहा मिनिटं. आणि ज्यासाठी आलो ते अजून राहिलंच आहे. भरभर सांगतो.

एक गोष्ट आधी. पाय बधिर झाले की लगेच दुर्मीळ आजार समजू नका. बी-१२ कमी असेल, मणक्याचा क्षय असेल, आणि हे दोन्ही बरे होतात. खेसारी, म्हणजे विदर्भातली लाख डाळ, रीवा-सतना भागात दुष्काळात महिनोन्महिने तीच खाऊन माणसांचे पाय आखडले होते. पण लघवी तुंबली आणि पट्ट्यासारखं आवळलं तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जा, आणि विचारा, “पूर्ण मणक्याचा फोटो काढायचा का?”

आता मूळ मुद्दा: नोंदवही. एसटीत गाडी कुठेही बंद पडली तरी नोंद होते, कुठली गाडी, कुठे, कशाने. माझी मुलगी बंद पडली त्याची नोंद कुठल्याही वहीत नाही. तिला आली तशी मज्जारज्जूला अचानक सूज येते, त्याला ट्रान्सव्हर्स मायलायटिस म्हणतात. परदेशी अभ्यासांचा अंदाज असा की दहा लाखांत वर्षाला एक ते आठ नवे रुग्ण. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्र सव्वाअकरा कोटींचा होता. हिशेब करा, वर्षाला शंभरापासून नऊशेपर्यंत कुठलाही आकडा येतो. एवढ्या फरकावर कोणता अधिकारी खाटा मंजूर करेल, कोण औषधाचं बजेट मागेल? २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात, २०२२ च्या बदलानंतर, ५० लाखांपर्यंत मदतीची सोय झाली, मुंबईचं केईएम त्यातलं एक केंद्र. पण त्या यादीत मुख्यतः जन्मजात, जनुकीय आजार आहेत. २०१६ च्या अपंगत्वाच्या कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात एमएसचं नाव आहे, एनएमओचं नाही. दाखला काढायला गेलं की प्रत्येक वेळी आजार पहिल्यापासून समजावून सांगावा लागतो.

आणि मोजणं आपल्याला येत नाही असं कोणी म्हणू नये. पोलिओ आठवा. डाव्या करंगळीवरची शाई, दारावर खडूने लिहिलेलं पी आणि एक्स. त्याच्या मागे एक काम चालू होतं, १९९७ पासून, आणि आजही चालू आहे: १५ वर्षांखालच्या कुठल्याही मुलाचा हात-पाय अचानक लुळा पडला की कळवायचं, १४ दिवसांच्या आत शौचाचे दोन नमुने घ्यायचे, ६० दिवसांनी पुन्हा जाऊन बघायचं. देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्याला सापडला, २७ मार्च २०१४ ला आपण पोलिओमुक्त ठरलो.

पण त्या नोंदींत पोलिओ नसलेली मुलं असतात ना! त्यातल्या काहींना ट्रान्सव्हर्स मायलायटिस असतो. ‘पोलिओ नाही’ ठरलं की कार्यक्रमाचं काम झालं, आणि ते मूल अजून उठून उभं राहिलेलं नसतं. माझं मागणं एवढंच: त्या कागदाचा दुसरा रकाना भरा. पोलिओ नाही, मग काय? ६० दिवसांनी जाता, तसं वर्षाने एकदा जा. आणि एकाच जिल्ह्यात, प्रयोग म्हणून, १५ वर्षांवरच्यांनाही मोजा. माणसं तीच, आशाताई त्याच, रस्ते माहितीचे. सोबत रक्ताचा एक नमुना जपून ठेवला तर पुढच्या संशोधकाला आयता मिळेल. मंगळुरूला डॉ. लेखा पंडित यांनी अशी नोंदवही चालवून दाखवलीय, प्रतिपिंडाची तपासणीही तिथेच उभी केली. पाचशे-सहाशे किलोमीटरवर आहे, परदेशात नाही.

दुसरी चिठ्ठी आली. थांबतो. मागच्या बाकावर चार आशाताई बसल्यात, त्यांच्यासाठी एक पानी कागद आणलाय, पाच प्रश्न, मोठ्या अक्षरात, चपलेचा पहिला. तज्ज्ञांकडून तपासून घेतलाय. मी आणि मुलगी दारापाशी, चपलांजवळ थांबतो. तिला चपला घालायला जरा वेळ लागतो, त्यामुळे आम्ही तिथे असूच.