हायड्रोजनवर चालणारी बोट

श्रोतेहो, नमस्कार. कोचीन शिपयार्डने बांधलेल्या, हायड्रोजन फ्युएल सेलवर चालणाऱ्या प्रवासी बोटीचं लोकार्पण २८ फेब्रुवारी २०२४ रोजी झालं. ही २४ मीटर लांबीची, ५० उतारूंची कॅटामरान, म्हणजे दोन जोड सांगाड्यांची, बोट वाराणसीच्या गंगेसाठी आहे. तिच्या फ्युएल सेलचं तंत्रज्ञान पुण्याच्या केपीआयटी कंपनीचं.

फ्युएल सेल हायड्रोजनपासून वीज बनवतो, पण त्यात काही जळत नाही. प्लॅटिनमचा थर दिलेल्या पातळ पडद्याच्या एका बाजूला हायड्रोजन, दुसऱ्या बाजूला हवा. प्रोटॉन पडद्यातून जातात, इलेक्ट्रॉन तारेतून, आणि मागे उरतं पाणी. भार असताना एक सेल जेमतेम ०.६ ते ०.७ व्होल्ट देतो, म्हणून असे अनेक सेल एकावर एक रचावे लागतात.

गाडं अडतं ते बहुतेकदा हवेपाशी. एक किलो हायड्रोजनला निदान ३४ किलो हवा लागते. प्रत्यक्षात दुपटीच्या आसपास पुरवतात. बोट समुद्रावर न्यायची तर त्या हवेबरोबर मीठ येतं. त्यातलं सोडियम पडद्यात जाऊन प्रोटॉनची वाट अडवतं, क्लोराइड प्लॅटिनम झिजवतं. म्हणून आधी तुषार अडवणारी जाळी आणि मग बारीक फिल्टर हवाच. पण तोच फिल्टर चोंदला की सेल प्राणवायूविना उपाशी राहतात. पडदा सुकला तर चिरतो, फार भिजला तर हवेच्या वाटा पाण्याने तुंबतात. दोन्हींची पहिली खूण म्हणजे सेलचं उतरणारं व्होल्टेज. धक्क्यावरून निघताना लागणारा एकदमचा जोर बॅटरीने द्यायचा. सेलवर भार शक्यतो एकसारखा ठेवायचा, म्हणजे तो टिकतो.

गळतीचं गणित स्वयंपाकाच्या गॅसच्या उलट आहे. तो गॅस खाली बसतो, हायड्रोजन वर चढतो आणि हवेत ४ टक्के झाला की पेट घेऊ शकतो. सेन्सर छताला लावायचे, तेही तुळयांमधल्या खोबणींत, कारण तो साठतो तिथेच.

आता कार्बनचं. एक किलो हायड्रोजन बोटीला साधारण १६ युनिट वीज देतो. तेवढ्याच कामाला डिझेल इंजिन सुमारे ११ किलो कार्बन डायऑक्साइड सोडतं. नैसर्गिक वायूपासून एक किलो हायड्रोजन करताना ९ ते १० किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे बचत नावापुरती. आपल्या ग्रिडच्या, मुख्यतः कोळशाच्या विजेवर पाणी फोडून केला, तर किलोमागे ५० ते ५५ युनिट लागतात आणि आकडा ३५ किलोंच्या पुढे जातो! सौर किंवा पवन विजेवर केला तरच बोट खरी स्वच्छ. म्हणून हायड्रोजन भरताना तो कुठल्या विजेवर बनला, याची नोंद धक्क्यावर दर खेपेला मागितलीच पाहिजे.