डाळ भिजेपर्यंत

(पहाटे सहा. स्वयंपाकघराचा ओटा. पातेल्यात डाळ ओतल्याचा आवाज.)

वाटीभर हरभऱ्याची डाळ भिजायला चार ते पाच तास लागतात. मुंबईतला चैत्राचा फेरफटका तेवढ्याच वेळात बसतो. म्हणून निघण्याआधी डाळ दोनदा धुऊन, तिच्या तिप्पट पाण्यात भिजत घालायची. आज चैत्र शुद्ध तृतीया. घरोघरी गौर पाळण्यात बसते, ती अक्षय्य तृतीयेपर्यंत महिनाभर असते. दुपारी आंबेडाळ होईल. तोवर सकाळ मोकळी आहे.

फिरायला जायचं कुठे, हे मुंबईत तिथी ठरवते.

कोकणच्या किनाऱ्यावर पिढ्यान् पिढ्या चालत आलेला हिशेब सोपा आहे. तिथीच्या आकड्याला तीनने गुणायचं, चारने भागायचं. येतो तो आकडा म्हणजे पूर्ण भरतीची घड्याळातली वेळ. आज तृतीया: तीन त्रिक नऊ, भागिले चार, सव्वादोन. दुपारी सव्वादोनला भरती. तिच्या सहा-सव्वासहा तास आधी ओहोटी, म्हणजे सकाळी आठच्या सुमारास. वद्य पक्षातही मोजणी प्रतिपदेपासूनच सुरू करायची. हिशेबात तासाभराचा, कधी त्याहून जास्तही फरक पडू शकतो. पाण्यात उतरायचं असेल तर त्या दिवसाचं भरती-ओहोटीचं कोष्टक पाहूनच उतरावं.

एकदा हा हिशेब अंगवळणी पडला की सणवारही समुद्राच्या भाषेत कळू लागतात. होळी पौर्णिमेची, पाडवा अमावास्येला लागून. दोन्ही दिवसांत उधाण असतं; भरती दुपारी बाराच्या पुढेमागे आणि सकाळी सहा-सातला पाणी खूप आत गेलेलं. रामनवमीला मात्र भांगाची भरती. पाणी फार चढत नाही, फार उतरतही नाही. त्या दिवशी खडक बघायला गेलात तर हिरमोड होईल. त्यापेक्षा मरिन ड्राइव्हला जावं. तिथल्या इमारती पूर्वेला आहेत, त्यामुळे सकाळी आठपर्यंत पदपथाचा बराच भाग सावलीत असतो.

(वांद्रे, कार्टर रोड. उघडे पडलेले काळे खडक.)

साडेसात. पाणी अजून उतरतंय. खडकावर उतरण्याची हीच वेळ: ओहोटी पूर्ण होण्याच्या अर्धा-एक तास आधी. पाणी वळलं की अर्ध्या तासात परत फिरायचं. भरती समोरूनच येते असं समजू नका. पाणी आधी खडकांमधल्या घळींतून मागे शिरतं आणि परतीची वाट तोडतं.

हा सगळा बेसाल्ट, लाव्हा थंड होऊन झालेला दगड. त्याच्या खळग्यांत ओहोटीचं पाणी अडकून राहतं. अशा एका परातीएवढ्या डबक्याजवळ आपली सावली पाण्यावर पडणार नाही असं बसा आणि दोन मिनिटं हलू नका. सुरुवातीला काहीच दिसत नाही. मग एक शंख चालू लागतो. आत शंखातला खेकडा असतो, त्याचं घर उसनं. कडेला हिरवट-तपकिरी बटणांसारखं काही चिकटलेलं दिसतं. ती समुद्रफुलं, वनस्पती नव्हेत, प्राणी आहेत. बोट लावलं की मिटतात, म्हणून बोट लावू नये. पाण्याबाहेर ओल टिकवून धरायला त्यांना आधीच कष्ट पडत असतात. दगड उलटवला तर होता तसाच परत ठेवावा. त्याच्या खालच्या बाजूला जे जीव असतात, ते उन्हात तासभरही तग धरत नाहीत.

इथे अपघात होतात ते शेवाळावर. हिरवागार, गुळगुळीत दिसणारा दगड टाळायचा. पांढऱ्या खरखरीत कवचांनी भरलेला दगड पाय धरून ठेवतो. पण तिथे पडलात तर तीच कवचं आणि कालवांच्या धारा तळहात कापतात. त्यामुळे चप्पल नको, जुने कॅनव्हासचे बूट घाला. मोबाइल खिशात, दोन्ही हात मोकळे. कालवं काढायला आलेल्या कोळणी कशा चालतात ते बघा: आधी पाय टेकवून अंदाज घेतात, मगच भार टाकतात. याहून चांगला धडा नाही.

तिथी एकादशीच्या आसपासची असेल, तर हा बेत बदलून पूर्वेला शिवडीला जावं. तेव्हा भरती सकाळी सव्वाआठला येते. ओहोटीत रोहित पक्षी (फ्लेमिंगो) चिखलावर दूरवर पांगलेले असतात. पाणी चढू लागलं की ते त्यांना काठाकडे ढकलत आणतं. म्हणून भरतीच्या दोन तास आधी पोहोचायचं. ऐन भरतीला गेलात तर चिखल बुडालेला आणि पक्षी उडालेले. ठाणे खाडीतलं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं, २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. पक्षी मे महिन्यापर्यंत असतात, पण एप्रिलचं ऊन चिखलावर फार लागतं.

(रस्त्याकडेची झाडं. करंजाच्या फुलांचा सडा.)

परतीची वाट झाडांखालून. काटेसावर आणि पांगारा फाल्गुनातले. तेव्हा त्यांच्या फांद्यांवर पान नसतं आणि सकाळी साळुंक्या, कावळे, बुलबुल फुलांतल्या रसासाठी भांडत असतात. विक्रोळी-घाटकोपरला पूर्व द्रुतगती मार्गाच्या कडेचा गुलाबी टॅबेबुयाही साधारण त्याच दिवसांतला. चैत्रात फुलांइतकीच पालवी बघण्यासारखी. पिंपळाचं नवं पान तांबूस आणि इतकं पातळ असतं की त्यातून ऊन आरपार दिसतं. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कुसुंब लाल होतो, आणि ही लाली पानांची असते, फुलांची नव्हे. उद्यान सोमवारी बंद असतं. भायखळ्याची राणीची बाग बुधवारी बंद. तिथलं उर्वशीचं झाड फुललेलं बघायचं तर उन्हाळा चढण्याआधीच जावं. बहावा आणि ताम्हण यांची घाई करू नये. ताम्हण आपलं राज्यफूल, पण ते खरं रंगात येतं एप्रिलच्या मध्यानंतर.

मध्येच टक्, टक्, टक् असा एकसुरी आवाज येत राहतो. तो तांबट. आवाज ऐकून वर बघितलं तर लगेच सापडत नाही, कारण आवाज काढताना तो मान इकडून तिकडे वळवतो आणि दिशा चुकते. शेंड्याची वाळकी फांदी शोधा, तिथे बसलेला असतो.

साडेनऊ वाजले की घाम सुटतो. रात्रभर जमिनीकडून समुद्राकडे वाहणारे मतलई वारे थांबलेले असतात आणि समुद्रावरून येणारे खारे वारे अजून सुरू झालेले नसतात. मधल्या या कोंडलेल्या तासात चालण्यात अर्थ नाही. खारे वारे लवकर सुटले तर दुपार सुसह्य जाते. त्यांना उशीर झाला की मार्चमध्येसुद्धा पारा ३८ अंशांच्या वर जातो. किनाऱ्याला लागून असलेल्या कुलाब्यापेक्षा सांताक्रूझला हा फरक जास्त जाणवतो.

(दादर पश्चिम. बाजार.)

इथे दोन गोष्टी घ्यायच्या. पहिली, कैरी: टणक, गर्द हिरवी, देठाशी चीक असलेली. तोतापुरी कमी आंबट असते, ती डाळीला जास्त लागते. गावठी असेल तर निम्मी पुरे. दुसरी, ताडगोळे. अंगठ्याने हलकेच दाबून बघा. आत पाणी असल्यासारखा लिबलिबीत लागला तर कोवळा. घट्ट आणि पिवळसर झालेला जून; तो रबरासारखा चावत बसावं लागतं आणि पोटाला जड जातो. सोलताना ताडगोळा उभा धरून टोकाशी नखाने साल उचलायची, नाहीतर आतलं गोड पाणी हातावर सांडतं. साल थोडी तुरट असते. काहीजण तिच्यासकटच खातात, आणि तसं खाण्यातही मजा आहे. हे फळ त्याच दिवशी संपवावं. उन्हाळ्यात ते काही तासांत आंबायला लागतं.

(पुन्हा ओटा. साडेअकरा.)

डाळ नखाने सहज तुटते आहे, म्हणजे भिजली. आता ती चाळणीत निथळायची, अगदी कोरडी होईपर्यंत, निदान २० मिनिटं. आंबेडाळ बिघडते ती इथेच. पाणी राहिलं तर वाटताना डाळीचा गोळा होतो. दोन-तीन हिरव्या मिरच्या घालून, मिक्सर थांबवत थांबवत, जाडसर वाटा; मध्ये अर्धवट डाळ दिसली तरी चालेल. त्यात अर्धी वाटी किसलेली कैरी, ओलं खोबरं दोन चमचे, चमचाभर साखर. दोन मोठे चमचे तेलाची फोडणी: मोहरी, हिंग, हळद, दोन सुक्या मिरच्या, कढीपत्ता. ती गार करूनच ओतायची, गरम ओतली की कैरीचा कच्चा वास मरतो. मीठ वाढण्याच्या थोडंच आधी, कारण मिठाने कैरीला पाणी सुटतं.

पहिली वाटी गौरीपुढे. खिडकीतला पडदा आता आतल्या बाजूला फुगू लागलाय. खारे वारे आले. भरतीला अजून दोन तास आहेत.